वाकड्या पावलांचा गुरुवार

सकाळी ८

मराठवाड्यातल्या आमच्या जिल्हा रुग्णालयात गुरुवार हा क्लबफूटचा, म्हणजे जन्मतः आत वळलेल्या पावलांचा वार. केसपेपरची खिडकी उघडायच्या आधीच प्लास्टर रूममधल्या मामांनी कोमट पाण्याचे टब भरून ठेवलेले असतात. मागच्या आठवड्यात बोटांपासून मांडीपर्यंत घातलेली प्लास्टरं आज उतरवायची. ती आदल्या रात्री घरी सोडवून यायचं नाही, ही पहिली अट. पाय काही तास मोकळा राहिला तरी पुन्हा आत वळू लागतो आणि आठवड्याची कमाई हातची जाते. प्लास्टर भिजवायचं, मऊ झालं की सुरीनं पापुद्र्यापापुद्र्यानं उलगडायचं. विजेची करवत मामा वापरत नाहीत. तिच्या आवाजानं लेकरं भेदरतात आणि कोवळी कातडी कापली जायची भीती असते.

सकाळी ९

नवीन बाळ, वीस दिवसांचं. दोन्ही तळवे एकमेकांकडे पाहताहेत, टाचा वर चढलेल्या. अंगणवाडीत तपासणीला आलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकानं पाठवलंय. हा कार्यक्रम २०१३ साली पालघरमधून सुरू झाला आणि जन्मजात दोषांच्या त्याच्या यादीत क्लबफूट आहे. पूर्वी अशी मुलं चालायला लागून पावलाच्या कडेवर घट्टे पडले की मगच आमच्यापर्यंत यायची.

आई खाली मान घालून बसलीय. बोलते ती आजी. "गिराणात हिनं इळीवर भाजी चिरली, म्हनून लेकराचं पाय वळलं."

"आजी, गिराण साऱ्या गावाला लागलं होतं. त्या दिवशी ज्यांनी ज्यांनी भाजी चिरली, त्या सगळ्यांच्या लेकरांचे पाय वळले का?"

आजी विचारात पडते. मी हजारात साधारण एका बाळाला हे होतं, असं सांगते. मुलग्यांत मुलींच्या जवळपास दुप्पट, आणि निम्म्या बाळांत दोन्ही पायांना. थोडा वाटा अनुवंशाचा असतो, विळीचा नसतो. हे आईसमोर, तिच्या सासूच्या कानावर पडेल असं सांगणं उपचारातच मोडतं. ज्या आईवर घरात ठपका आहे तिला दर आठवड्याला एसटीच्या भाड्याचे पैसे मागता येत नाहीत.

मग पिरानी गुणांकन. मधल्या पावलाची तीन आणि टाचेकडची तीन अशी सहा लक्षणं, प्रत्येकाला शून्य, अर्धा किंवा एक गुण. जितके गुण जास्त तितका पाय ताठर. या बाळाचे डावीकडे साडेपाच, उजवीकडे पाच. एक्स-रे काढत नाही. या वयात घोट्याजवळचा बराचसा सांगाडा अजून कूर्चाच असतो, फिल्मवर फारसं काही उमटत नाही.

सकाळी १०

पावलात २६ हाडं. सात घोट्याकडची आणि मधली, पाच लांबट, चौदा बोटांची. आजच्या कामाचा खुंटा त्यातलं एकच हाड आहे, टॅलस. नडगी त्याच्यावर टेकते, टाचेचं हाड त्याच्याखाली असतं, आणि त्याला एकही स्नायू चिकटलेला नसतो. क्लबफूटमध्ये बाकीचं पाऊल या टॅलसभोवती आत आणि खाली फिरलेलं असतं. म्हणून अंगठा टॅलसच्या बाहेरच्या उंचवट्यावर रोवायचा आणि उरलेलं पाऊल त्याच्याभोवती हळूहळू बाहेर न्यायचं. टाचेला हात लावायचा नाही. पुढचं पाऊल बाहेर गेलं की टाच आपसूक मागे येते. ती धरून ठेवली तर सगळं अडतं.

पहिलं प्लास्टर नातेवाइकांना घाबरवतं. त्यात अंगठ्याकडची बाजू वर उचलून कमानीची खोल घडी उघडायची असते, त्यामुळे पाऊल आणखीच आत वळल्यासारखं दिसतं. "मॅडम, ह्यो तर उलटाच वळिवला," बाप म्हणतो. पुढच्या गुरुवारपासून बाहेर जायला लागेल, असं त्याला सांगते.

बाळ आईच्या मांडीवर दूध पीत असतानाच मामा कापूस गुंडाळतात आणि मी पाय धरून ठेवते. गुडघा काटकोनात ठेवून प्लास्टर मांडीपर्यंत नेतो, नाहीतर ते मोज्यासारखं घसरतं. शेवटी बोटं दाबून बघायची. पांढरी पडून लगेच गुलाबी झाली पाहिजेत. घरी बोटं आत गेलेली दिसली, निळी पडली किंवा सुजली, तर गुरुवारची वाट न पाहता यायचं.

ही पद्धत इग्नासिओ पॉन्सेटी यांची. जन्म १९१४ चा, स्पेनच्या मिनोर्का बेटावरचा. यादवी युद्धानंतर देश सोडून ते अमेरिकेत आयोवा विद्यापीठात पोचले. १९६३ साली त्यांनी आपले निष्कर्ष छापले, पण शल्यविशारदांनी तीसेक वर्षं तिकडे फारसं लक्ष दिलं नाही. मोठ्या शस्त्रक्रियांनी पाय सरळ दिसायचे आणि तारुण्यात ताठ होऊन दुखायचे. ते दिसून आल्यावरच जग या साध्या प्लास्टरकडे वळलं.

दुपारी १२

पाच-सहा प्लास्टरांनंतर पाऊल बाहेर येतं, पण टाच बहुधा वरच अडकून राहते. ती सोडवायला टेनोटॉमी. टाचेच्या वर सेंटीमीटरभर जागा बधिर करायची, बारीक पात्यानं घोटशीर आडवी तोडायची, आणि पाऊल तिथल्या तिथे वर उचललं जातं. टाका नाही. तीन आठवड्यांच्या शेवटच्या प्लास्टरमध्ये शीर वाढीव लांबीनं सांधते. बाहेर थांबलेल्या आईबापांना "शीर तोडली" या शब्दांचा धसका असतो, म्हणून आधी तीन महिन्यांपूर्वी टेनोटॉमी झालेल्या बाळाचा पाय त्यांच्या हातात देते. त्यांनी स्वतः वाकवून बघावा.

दुपारी २

डबा खाऊन मोठ्यांची पावलं. सैन्यभरतीची तयारी करणारा पोरगा, पाय सपाट. चवड्यावर उभा केला तर कमान उमटते, दुखत नाही. पाय लवचिक आहे, आजार नाही. "कमान येण्यासाठी" विकत घेतलेलं महागडं तेल मी त्याला बंद करायला सांगते. सहा वर्षांच्या मुलीचं तेच. लहानपणी तळव्याच्या चरबीत कमान झाकलेली असते, वयाबरोबर दिसू लागते.

अंगठ्याच्या मुळाशी "हाड वाढलेली" बाई. वाढलेलं काही नाही. आतलं लांबट हाड एका बाजूला सरकलंय, अंगठा दुसऱ्या. आधी रुंद चवड्याची चप्पल, ऑपरेशनचं नंतर बघू. शेवटी साखरेचे काका. दहा ग्रॅमच्या नायलॉन धाग्याचा स्पर्श त्यांना तळव्यावर कुठेच कळत नाही. चपलेतला खिळा आठवडाभर टोचत होता, कळला नाही. त्यांना मऊ एमसीआर रबराची चप्पल लिहून देते. कुष्ठरोगात बधिर झालेल्या पायांसाठीही तीच देतात.

दुपारी ३.३०

आता ब्रेसवाले, शेवटचं प्लास्टर निघालेले. लोहदांडीवर बसवलेले दोन छोटे बूट, वळलेला पाय साठ-सत्तर अंश बाहेर. पहिले तीन महिने दिवसाचे २३ तास, पुढे चार-पाच वर्षांचं होईपर्यंत रात्री आणि दुपारच्या झोपेत. पाय सरळ करणं आठ-नऊ आठवड्यांचं काम, ते आमच्या हातून होतं. तो सरळ ठेवणं चार वर्षांचं, आणि ते घरात, अंधारात, झोपमोड सोसून आईबापच करतात. पाय पुन्हा वळला की दहात नऊ वेळा कारण ब्रेस न लावणं हेच निघतं, असं नाही म्हणत. पण सर्वांत पहिला प्रश्न मी ब्रेसचाच विचारते.

समोरचं जोडपं ऊसतोडीचं. मुकादमाची उचल घेतलीय, दसऱ्यानंतर कोयता कोल्हापूरकडे निघणार. पहाटे फडात, रात्री पाचटाच्या कोपीत.

"तिथं ब्रेस कोण लावनार मॅडम? आमी गाडी भरायला गेलो की लेकरू थोरल्या पोरीकडं."

थोरली सहा वर्षांची, बाजूलाच उभी. मी तिलाच बाकावर बसवते. आधी टाच बुटात खाली बसली का ते बघ, मग मधला पट्टा, मग बाकीचे. ती तीनदा लावते, तिसऱ्यांदा बरोबर. आईला सांगते की दोन्ही गुडघे एकत्र दुमडायचा खेळ बाळाशी रोज खेळा, दांडीची सवय लवकर होते. सोबत तिकडच्या सरकारी रुग्णालयाच्या नावानं चिठ्ठी, मोबाईलमध्ये माझा नंबर, आणि बूट लहान पडेल तेव्हासाठी पुढच्या मापाचा जोड आताच पिशवीत.

संध्याकाळी ५

रजिस्टर. प्लास्टरचे रकाने भरलेले, ब्रेसच्या रकान्यांत भोकं. जे आले नाहीत त्यांना फोन.

"रात्रभर रडतंय मॅडम, म्हणून काढून ठेवलाय."

"बोटं बुटाच्या पुढं येतात का?"

"येत्यात."

"मग बूट लहान झालाय. रडणं त्याचंच असेल. उद्याच या, गुरुवारची वाट बघू नका. आणि येताना ब्रेस घेऊन या."

मग पुढचा नंबर.