पुस्तके कपाटात, प्रश्न गाडीत

कोणती पुस्तके वाचावीत, असे आम्हाला बरेच जण विचारतात. जयंतीच्या दिवसांत तर जास्तच. व्याख्यान संपते, चहा होतो आणि एखादा तरुण बाजूला घेऊन म्हणतो, "सर, दहा पुस्तकांची यादी द्या." पूर्वी आम्ही लगेच कागद काढून लिहून द्यायचो. आता देत नाही. कारण यादी खिशात जाते, पुस्तक कपाटात जाते आणि कपाटाला काच लागते.

आपला समाज पुस्तके विकत घेत नाही, हा आरोप खोटा आहे. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर आणि 6 डिसेंबरला चैत्यभूमीवर पुस्तकांच्या स्टॉलसमोर उभे राहायला जागा नसते. लोक पोटाला चिमटा काढून ग्रंथ घेतात. प्रश्न पुढचा आहे. घरी आणलेले पुस्तक उघडते कोण?

हा दोष दुसऱ्याच्या माथी मारून आम्हाला मोकळे होता येणार नाही. महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखन व भाषणांचा बारावा खंड आमच्या कपाटात कित्येक वर्षे प्लास्टिकच्या कव्हरात होता. 14 एप्रिलला त्यावर फूल वाहिले जायचे, पुन्हा कपाट बंद. तो नीट उघडला गेला तो आमच्या भाचीमुळे. बारावी झाली, साताऱ्याच्या कॉलेजात प्रवेश घ्यायचा होता. "मामा, गाडीत वाचायला काहीतरी द्या, मोबाईल बघून डोळे दुखतात," म्हणाली. खंड जाड, प्रवासात नेण्यासारखा नाही. म्हणून त्यातल्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या छोट्या लिखाणाची झेरॉक्स काढली, सोबत दोन-तीन मराठी पुस्तके पिशवीत टाकली आणि सकाळची गाडी धरली.

कोल्हापूर सोडले की थोड्याच वेळात रुकडी येते. येथून माणगाव अगदी जवळ. 21 आणि 22 मार्च 1920 रोजी या माणगावात बहिष्कृत वर्गाची परिषद भरली. अध्यक्ष होते 28 वर्षांचे डॉ. आंबेडकर. राजर्षी शाहू महाराज स्वतः तेथे आले आणि तुम्हाला तुमचा पुढारी सापडला आहे, असे जमलेल्या लोकांना सांगून गेले. त्याच वर्षी 31 जानेवारीला 'मूकनायक' निघाला होता आणि त्याला महाराजांनी 2500 रुपयांची मदत केली होती. हे सगळे विस्ताराने वाचायचे असेल तर धनंजय कीरांनी लिहिलेले शाहूचरित्र आहे, डॉ. जयसिंगराव पवारांनी संपादित केलेला 'राजर्षी शाहू स्मारक ग्रंथ' आहे आणि चां. भ. खैरमोडे यांचे बाबासाहेबांच्या चरित्राचे खंड आहेत. कोल्हापूरच्या माणसाने निदान एवढे वाचलेले असावे. गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात महाराज चहा प्यायचे, ही गोष्ट आपण भाषणात ऐकतो, टाळ्या वाजवतो. पण त्याआधी पाण्याला शिवल्याबद्दल गंगारामांना किती मार खावा लागला, हे वाचल्याशिवाय त्या एका कप चहाची किंमत कळत नाही.

हे आम्ही भाचीला सांगत होतो. जयसिंगपूर गेले आणि समोर बसलेल्या एका वयस्कर गृहस्थांनी शेंगांची पुडी सोडली. माणूस बोलका, स्वभावाने चांगला. पोरीच्या हातावर मूठभर शेंगा ठेवल्या आणि विचारले, "कुठलं म्हणायचं पाहुणं?"

"कोल्हापूरचंच," आम्ही म्हणालो.

"ते झालं हो. आडनाव काय?"

आम्ही तोंड उघडायच्या आत भाची म्हणाली, "पाटील."

गृहस्थ खूश झाले. कुठले पाटील, करवीरचे की कागलचे, मामा कोण, पै-पाहुणे कुठे, असे सुरू झाले. पोरगी एकेका प्रश्नात अडकत गेली. तिने खिडकीकडे तोंड केले. हातातल्या शेंगा तशाच राहिल्या. मिरजेला ते गृहस्थ उतरले, जाताना "शिक बाई, मोठी हो" असा आशीर्वादही देऊन गेले. त्यांच्यावर राग धरण्यासारखे काही नव्हते. आम्हाला मात्र काय बोलावे ते सुचेना. ज्या पोरीच्या घराच्या दारावर निळा झेंडा आहे, जी 14 एप्रिलला मिरवणुकीत पुढे असते, तिला गाडीत खोटे आडनाव का सांगावेसे वाटले?

रागावून उपयोग नव्हता. आम्ही पिशवीतून बाबुराव बागुलांचे 'जेव्हा मी जात चोरली होती' काढून तिच्या हातात दिले. 1963 सालचा हा कथासंग्रह. त्यातला नायक रेल्वेच्या नोकरीसाठी परगावी जातो, राहायला खोली शोधतो आणि तेथे त्याला जातीचा प्रश्न येतो. पुढचे आम्ही सांगितले नाही. ताकारी, भवानीनगर मागे पडले. हा वाळवा तालुका, अण्णाभाऊ साठे यांचा. त्यांचे वाटेगाव याच तालुक्यातले. माणगाव परिषदेच्या वर्षीच, 1 ऑगस्ट 1920 ला ते जन्मले. 'फकिरा' त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. बापाबरोबर पायी मुंबई गाठणारे अण्णाभाऊ 1961 साली रशियाला जाऊन आले आणि 'माझा रशियाचा प्रवास' लिहिला. प्रवासवर्णन वाचायचे तर हे वाचा.

कथा संपवून भाची म्हणाली, "मामा, आपली सगळी पुस्तकं अशी रडायचीच का असतात?"

प्रश्न प्रामाणिक होता. असे अनेक तरुणांना वाटते, पण ते आमच्या तोंडावर बोलत नाहीत. आम्ही झेरॉक्सची पाने पुढे केली. कराड गेले होते, मसूर यायचे होते.

ही गोष्ट याच मार्गावरची, 1901 सालची. सुभेदार रामजी खटाव तालुक्यातल्या गोरेगावात दुष्काळी कामावर खजिनदार होते. नऊ वर्षांचा भीम, त्याचा भाऊ आणि थोरल्या बहिणीची दोन मुले साताऱ्याहून निघून मसूर स्टेशनवर उतरली. अंगावर नवे कपडे, डोक्यावर जरीच्या टोप्या. न्यायला कोणी आलेच नाही, कारण पाठवलेले पत्र वडिलांच्या हाती पडले नव्हते. स्टेशनमास्तरने चौकशी केली. मुलाने भाबडेपणाने आम्ही महार आहोत, असे सांगितले आणि मास्तरचा चेहरा बदलला. एकही गाडीवान न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाड्यावर एक तयार झाला, पण अट अशी की गाडी मुलांनी हाकायची आणि तो बाजूने चालणार. रात्री टोलनाक्यावर पाणी मागायची वेळ आली, तेव्हा गाडीवानाने सल्ला दिला की मुसलमान आहोत म्हणून सांगा. मुलाने तेही करून पाहिले. तरी पाणी मिळाले नाही. सोबत भाकरतुकडा होता, पण पाण्यावाचून उपाशी झोपावे लागले.

भाची वाचता वाचता थांबली. "बाबासाहेबांनीपण दुसरंच सांगितलं?"

होय, सांगितले. पुढे बडोद्याला पारशी धर्मशाळेत राहण्यासाठी पारशी नाव घ्यावे लागले, हेही त्यांनी लिहून ठेवले आहे. परदेशात शिकून आलेल्या माणसाला ते करावे लागले. पण त्यांनी ते झाकले नाही. कोणत्या साली, कोणत्या गावात, काय घडले, हे कोर्टात साक्ष द्यावी तसे स्वतःच्या नावाने मांडले. रडणे वेगळे आणि साक्ष देणे वेगळे. आपली आत्मकथने ही साक्ष आहे. दया पवारांचे 'बलुतं', बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं', शांताबाई कांबळे यांची 'माज्या जल्माची चित्तरकथा' ही याच साक्षीची पाने. ऊर्मिला पवारांच्या 'आयदान'ची सुरुवातच डोक्यावर ओझे घेऊन रत्नागिरीच्या बाजाराला निघालेल्या बायांनी होते. त्यांनी मीनाक्षी मून यांच्यासोबत केलेले 'आम्हीही इतिहास घडवला' तर प्रत्येक मुलीच्या हाती द्यावे. चळवळीत घर, पोरे, भाकरी सांभाळून उभ्या राहिलेल्या बायकांच्या मुलाखती त्यात आहेत. त्या कोठेही रडत नाहीत.

मसूर आले आणि गेले. आम्ही दोघांनी खिडकीतून फलाट पाहिला. साताऱ्याला उतरून आधी प्रतापसिंह हायस्कूल पाहिले, जेथे 7 नोव्हेंबर 1900 ला बाबासाहेबांचे नाव दाखल झाले. मग कॉलेजात गेलो. प्रवेशाच्या फॉर्मवर जातीचा रकाना होता. तेथे लिहिल्याशिवाय शिष्यवृत्ती नाही. भाचीने लिहिले आणि हळूच म्हणाली, "इथं लिहायची आणि गाडीत लपवायची." एवढेच. येताना झेरॉक्सची पाने तिने परत दिली नाहीत.

समाजबांधवांनो, यादी मागू नका. तुमच्या रोजच्या वाटेवरचे एक पुस्तक शोधा आणि त्याच वाटेवर पोराबाळांसोबत वाचा. शासनाचे खंड वेळेवर मिळत नाहीत, ही तक्रार खरी आहे. छपाई रखडल्याच्या बातमीची 2021 साली मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. त्यासाठी भांडत राहूच. पण जे खंड आपल्या कपाटात आहेत, त्यांचे प्लास्टिक काढायला कोणत्या न्यायालयाचा आदेश हवा? विहारात दर रविवारी वंदना झाल्यावर दहा पाने मोठ्याने वाचली, तर वर्षात चार-पाच पुस्तके होतात. गाडीत आडनाव विचारणारे अजून भेटणारच आहेत. आपल्या पोरांना उत्तर देता आले पाहिजे.

जय भीम!