सहा कामट्यांची गळकाठी

मुदखेड तालुक्याला लागून वाहणाऱ्या गोदावरीवर गळाने मासे धरणारा माणूस सहसा अखंड वेळूची काठी वापरतो. शेंड्याला दोरा, दोऱ्याला गळ आणि गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी एवढाच त्याचा सरंजाम असतो. हाच वेळू उभा चिरून, त्याच्या कामट्या रंध्याने तासून आणि पुन्हा एकत्र चिकटवून केलेली काठी मात्र निराळीच वस्तू असते, आणि तिच्या जडणघडणीत मराठवाड्यालाही परिचित असलेल्या एका बांबूचा वाटा मोठा आहे.

तो बांबू म्हणजे मानवेल, शास्त्रीय नाव डेंड्रोकॅलॅमस स्ट्रिक्टस. मुदखेड जंक्शनातून आदिलाबादकडे फुटणारा लोहमार्ग ज्या किनवट भागातून जातो तेथील रानांत, तसेच चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलांत तो उगवतो. कोरड्या, उताराच्या जमिनीत वाढलेली मानवेल जवळजवळ भरीव असल्यामुळे लाठ्यांना आणि घोडदळाच्या भाल्यांना तिचीच दांडी पसंत केली जाई. एकोणिसाव्या शतकात हा बांबू कलकत्ता बंदरातून परदेशी जाऊ लागला आणि तेथे ‘कलकत्ता केन’ या नावाने विकला गेला. ज्या रानात तो वाढला त्या रानाचे नाव त्याला कधीच चिकटले नाही. अमेरिकेतील ईस्टन गावचा बंदूक-कारागीर सॅम्युएल फिलिपी याने 1846 च्या सुमारास चिरलेल्या बांबूच्या काठ्या घडवल्या आणि पुढे हायरम लेनर्ड याने सहा कामट्यांची काठी व्यापारी प्रमाणावर बाजारात आणली.

बांबू चिरण्याचा खटाटोप कशासाठी, याचे उत्तर त्याच्या आडव्या छेदात दिसते. पाठीच्या कातडीलगत बळकट तंतू दाट असतात आणि पोटाकडे ते विरळ होत जाऊन नुसता मऊ गर उरतो. कारागीर वाळलेला बांबू चिरतो, पेरांच्या गाठी आचेवर धरून सरळ दाबतो आणि कामटी साठ अंशांची खाच असलेल्या पोलादी साच्यात ठेवून तिच्या दोन बाजू तासतो. तिसरी बाजू, म्हणजे पाठ, तो शक्यतो शिवत नाही, कारण काठीचे सारे बळ तेथेच असते. वरची चकाकी तेवढी खरवडली जाते. साच्याची खाच एका टोकाकडे उथळ होत गेल्याने कामटी मुठीकडे जाड राहते आणि शेंड्याकडे अगदी बारीक होते. येथे माप इंचाच्या हजाराव्या भागात धरले जाते. अशा सहा त्रिकोणी कामट्या, त्यांची पेरे एकाच जागी येऊ न देता, चिकटवून दोऱ्याने करकचून बांधल्या की पाठी बाहेर राहून भरीव षट्कोन तयार होतो. बाक किती आणि कोठे यावा हे मग बांबू ठरवत नाही, तासणारा ठरवतो.

मानवेलीची पेरे जवळजवळ आणि गाठी ठळक असतात, शिवाय तिला भुंगेरे लवकर लागतात. त्यामुळे चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातील सरळ, लांब कांड्यांच्या टोंकिन बांबूने विसाव्या शतकात तिची जागा घेतली. पुढे काचतंतू आणि कार्बनतंतू आले आणि बांबूची काठी हौसेच्या कोपऱ्यात गेली.

तरी सालमन व ट्राउट वगळून इतर गोड्या पाण्यातील माशांच्या गळमारीत, जिला इंग्लंडात ‘कोर्स फिशिंग’ म्हणतात, बांबूच्या काठीचा मान टिकून आहे. तेथील गळमारीचा शौकीन रिचर्ड वॉकर याने 13 सप्टेंबर 1952 रोजी रेडमायर तळ्यातून 44 पौंडांचा, म्हणजे सुमारे 20 किलोचा कार्प काढला तो स्वतः आखलेल्या दहा फुटी बांबूच्या काठीवर. तो मासा पुढे लंडनच्या प्राणिसंग्रहालयातील मत्स्यालयात ठेवण्यात आला. आपले रोहू, कटला, मृगळ त्याच कार्प कुळातले आहेत. अशा माशांसाठी गळ फार दूर फेकावा लागत नाही आणि काठीने माशाचे हिसके सोसणे महत्त्वाचे ठरते, म्हणून थोडी जड असली तरी मानवेलीची काठी येथे चालू शकेल. 2017 च्या दुरुस्तीने वनक्षेत्राबाहेरचा बांबू भारतीय वन अधिनियमातील ‘झाड’ या व्याख्येतून वगळला गेल्यामुळे बांधावरचा बांबू मिळवणेही पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे. बांबू फोडणे आणि तासणे बुरूड कारागिरांना नवे नाही; त्यांना लागेल तो नेमका साचा आणि हिवाळ्यात तोडून नीट वाळवलेला, कीड न लागलेला बांबू.