घरचा सर्व्हर, बीटाची पाटी आणि काकांचे फोटो



मागच्या भागात जुन्या लॅपटॉपचा घरचा सर्व्हर कसा करायचा, ते पाहिलं. त्यावर बहुतेकांनी एकच विचारलं: "हे सॉफ्टवेअर तर अजून बीटा आहे म्हणे. मग टाकायचं की नाही?" आजचा भाग या एका प्रश्नावर. रेकॉर्डिंगमध्ये मी दोन-चार वेळा भरकटलो होतो, तेवढं काढून बाकी बोललेलंच इथं उतरवलंय.

नवीन मंडळींसाठी आधी थोडक्यात. घरचा सर्व्हर म्हणजे घरातच चोवीस तास चालू असलेला एक कॉम्प्युटर. घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलमधले फोटो, कागदपत्रं, गाणी, सिनेमे त्यावर साठवायचे आणि मोबाइलच्या ॲपमधून बघायचे. गूगल फोटोज जे काम दूरच्या डेटा सेंटरमधून करतं, ते आपल्या फळीवरून होतं. महिन्याचं भाडं नाही, पण राखणही आपणच करायची.

आमचा सर्व्हर भवानी पेठेत, पहिल्या मजल्यावर, देवघराशेजारच्या फळीवर आहे. लॅपटॉप मुद्दाम घेतलाय, कारण त्याची बॅटरी म्हणजे आयता यूपीएस. वीज गेली तरी थोडा वेळ तग धरतो. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळीसच्या वर जातो, म्हणून शेजारी एक छोटा पंखा. आणि बॅटरी फुगत नाही ना, ते अधूनमधून बघतो. तुम्हीही बघा.

काकांचे फोटो

आमच्या खालच्या मजल्यावर एक काका राहतात. घरात तेलुगू, दाराबाहेर मराठी, आमच्या पेठेत असतं तसं. सगळी हयात चादरीच्या कारखान्यात गेली. जॅकार्डवर निघालेल्या जुन्या चादरींचे फोटो त्यांनी जमवलेत. काही अल्बममधल्या फोटोंवरून मोबाइलवर घेतलेले, काही नातेवाइकांच्या घरच्या चादरी गच्चीत पसरून काढलेले. सगळे मिळून आठशेच्या आसपास. मोबाइल गच्च भरला होता. मी म्हणालो, "काका, माझ्या सर्व्हरवर टाका की." ॲप टाकून दिलं.

काकांनी नुसते फोटो चढवले नाहीत. रोज दुपारी बसून एकेका फोटोखाली लिहीत गेले: ही मोराची, अमुक साली, अमुक मागावर, डिझाइन कुणाचं, कार्डं कुणी पंच केली. महिनाभर हा उद्योग चालला होता. मधेच ॲपनं विचारलं, फोटो सर्व्हरवर आलेत, मोबाइलमधली जागा मोकळी करू का? काकांनी "हो" दाबलं.

मग एका रविवारी मी सर्व्हरचं अपडेट केलं.

सॉफ्टवेअर बीटा होतं. नाव घेत नाही, कारण निम्म्याहून जास्त चूक माझी होती. अपडेटच्या सूचनेत वरच लिहिलं होतं, की या आवृत्तीत डेटाबेसची रचना बदलतेय, आधी डेटाबेसची प्रत काढून ठेवा. मी वाचलंच नाही. अपडेट मधेच अडकलं, मी वैतागून लॅपटॉप बंद करून परत चालू केला, आणि डेटाबेस उघडायलाच तयार नाही.

संध्याकाळी काका वर आले. "काय बे, फोटो कुठं गेले? सगळं पांढरं दिसतंय."

इथं एक गोष्ट समजून घ्या, कारण घरच्या सर्व्हरवरचं निम्मं रडगाणं इथूनच सुरू होतं. असल्या फोटोच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक, खुद्द फोटोच्या फायली. त्या डिस्कवर साध्या फोल्डरमध्ये पडलेल्या असतात. दुसरी, डेटाबेस. कुठला फोटो कुणाचा, कुठल्या अल्बममधला, त्यात कुणाचा चेहरा आहे, खाली काय लिहिलंय, ही सगळी वही म्हणजे डेटाबेस. माझ्याकडं फोल्डरची दुसरी प्रत होती. वहीची नव्हती.

म्हणजे आठशेच्या आठशे फोटो परत मिळाले. काकांनी लिहिलेलं एक अक्षर मिळालं नाही.

पुढचे काही रविवार आम्ही दोघं परत लिहायला बसलो. काका सांगणार, मी टाइप करणार. साल बऱ्याचदा आठवायचं. कार्डं कुणी पंच केली, तिथं मात्र अडायचं. शेवटी एकदा म्हणाले, "तेव्हा आठवत होतं म्हणून तर लिहिलं होतं ना रे." यावर मी काय बोलणार?

बीटा ही पाटी काय सांगते

बीटा म्हणजे कच्चं सॉफ्टवेअर, असं आपण समजतो. तसं अगदी नाही. बीटामध्ये बहुतेक सगळ्या सोयी तयार असतात. त्यानं अजून लोकांची घरं पाहिलेली नसतात, एवढंच. बनवणाऱ्याच्या टेबलावर चांगली डिस्क, स्थिर वीज आणि नवा मोबाइल असतो. आपल्याकडं आठ वर्षांचा लॅपटॉप, दुपारी गेलेली वीज, देवनागरी नावाची फोल्डरं आणि तारीख चुकलेला जुना मोबाइल. या गोष्टी त्याच्या टेबलावर बसून सापडत नाहीत. त्या सापडाव्यात म्हणून बीटा लोकांच्या हातात देतात.

आपल्या सोलापूरच्या भाषेत सांगायचं तर नवं डिझाइन मागावर चढवलं, की आधी थोडा नमुना काढून बघतात. फूल वाकडं आलं, तर कार्ड बदलायचं. बीटाही नमुनाच. पण एक फरक फार मोठा आहे. नमुन्याला लागणारं सूत कारखान्याचं असतं. बीटामध्ये सूत आपलं असतं. बिघडलं तर आपलं बिघडतं.

पाटी काढली म्हणून धोका जात नाही

"मग बीटा संपेपर्यंत थांबावं हे बरं," असं कुणी म्हणेल. त्यांच्यासाठी एक जुनी गोष्ट.

जानेवारी 2007 मध्ये मायक्रोसॉफ्टनं विंडोज होम सर्व्हर जाहीर केलं. घरासाठी सर्व्हर ही कल्पना त्यांनी बाजारात आणली. त्यात ड्राइव्ह एक्स्टेंडर नावाची एक सोय होती. वेगवेगळ्या आकाराच्या डिस्क जोडा, त्या सगळ्या मिळून एकच मोठी जागा दिसणार, आणि महत्त्वाच्या फोल्डरची प्रत आपोआप दोन डिस्कवर राहणार. बीटा चाचणी झाली आणि त्याच वर्षी पक्कं सॉफ्टवेअर विक्रीला आलं. डिसेंबर 2007 मध्ये मायक्रोसॉफ्टलाच सांगावं लागलं, की एकाहून जास्त डिस्क असलेल्या सर्व्हरवरची फाईल काही प्रोग्रॅममधून थेट उघडून बदलली, तर ती खराब होऊ शकते. त्या यादीत त्यांचेच फोटो दाखवणारे प्रोग्रॅम होते. दुरुस्ती आली जुलै 2008 मध्ये, पॉवर पॅक 1 मधून. सात महिने.

लक्षात घ्या, हे बीटा नव्हतं. पैसे मोजून घेतलेलं पक्कं सॉफ्टवेअर होतं. आणि ज्या सोयीनं प्रत जपायची, तिच्यातच दोष होता. म्हणून पाटी बघून घाबरू नका आणि पाटी नाही म्हणून बिनधास्तही राहू नका.

"आम्ही लोकांचं ऐकतो" म्हणजे किती?

याच गोष्टीचा पुढचा भाग. एप्रिल 2010 मध्ये पुढच्या आवृत्तीचा बीटा सगळ्यांसाठी खुला झाला. तिचं टोपणनाव होतं व्हेल. नोव्हेंबर 2010 मध्ये मायक्रोसॉफ्टनं जाहीर केलं, की ड्राइव्ह एक्स्टेंडर काढून टाकतोय. वापरणारे खवळले, कारण कित्येकांनी त्या एका सोयीसाठीच हे सॉफ्टवेअर घेतलं होतं. खूप विरोध झाला. निर्णय बदलला नाही. 2011 मध्ये नवी आवृत्ती त्या सोयीविनाच आली.

आता दुसरं टोक बघा. एम्बी नावाचं घरच्या सिनेमा-गाण्यांचं सर्व्हर सॉफ्टवेअर होतं, त्याचा कोड खुला होता. 2018 च्या शेवटी त्यांनी पुढचा कोड बंद ठेवायचं ठरवलं. तेव्हा काही जणांनी आधीचा खुला कोड उचलला आणि वेगळी चूल मांडली. तेच आजचं जेलीफिन. कोड खुला होता, म्हणून नाराज माणसांना तक्रार करण्यापलीकडंही काही करता आलं.

म्हणून बीटा टाकण्याआधी माझा पहिला प्रश्न हा असतो: उद्या यांनी माझं ऐकलं नाही, तर मला माझ्या फायली घेऊन निघता येईल का? फायली साध्या फोल्डरमध्ये, साध्या नावानं राहतात का? कोड खुला आहे का? याचं उत्तर "हो" असेल, तर बीटाचं ओझं बरंच हलकं होतं.

फोटोंसाठी सध्या अनेक जण वापरतात ते इम्मिच. 2022 च्या सुरुवातीला ॲलेक्स ट्रॅन यांनी ते सुरू केलं. कोड खुला, आणि कितीतरी वर्षं त्यांच्या पानावर ठळक इशारा होता, की यात मोठे बदल होत राहणार, फोटो ठेवायची ही तुमची एकमेव जागा करू नका. 1 ऑक्टोबर 2025 ला आवृत्ती 2.0.0 आली, तेव्हा कुठं त्यांनी "आता स्थिर" असं म्हटलं. साडेतीन वर्षं लोकांच्या घरच्या चित्रविचित्र अडचणी दुरुस्त करत ते इथवर आलं. आणि स्थिर झाल्यावरही फोटोंच्या प्रती वेगळ्या ठेवा, हा त्यांचा सल्ला कायम आहे. मला ही माणसं प्रामाणिक वाटतात, ती यासाठी.

ॲपचं दुखणं वेगळं असतं

सर्व्हर आपल्या हातात असतो, ॲप नसतं. ॲप येतं प्ले स्टोअर किंवा ॲप स्टोअरमधून, तिथली तपासणी होऊन, त्यांच्या वेळेनं. सर्व्हर आपण रविवारी अपडेट करणार, ॲप मंगळवारी रात्री आपोआप बदललेलं असणार. बीटामध्ये दोघांची भाषा मधेच बदलते, आणि मग एकमेकांचं बोलणं कळत नाही. घरातला माणूस म्हणतो, "सर्व्हर बिघडला." तो बिघडलेला नसतो. दोघांच्या आवृत्त्या जुळत नसतात. उपाय सोपा आहे. त्या एका ॲपचं आपोआप अपडेट बंद ठेवा आणि सर्व्हर व ॲप एकाच बैठकीत बदला.

दुसरं, अँड्रॉइडच्या काही मोबाइलमध्ये बॅटरी वाचवण्यासाठी मागं चालणारी ॲप बंद पाडतात. आयफोनही मागच्या कामाला मोजकाच वेळ देतो. फोटो चढताहेत असं वाटतं आणि आठवडाभर एकही चढलेला नसतो. म्हणून "जागा मोकळी करू का?" या प्रश्नाला "हो" म्हणायच्या आधी सर्व्हरवरचा फोटो दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. माझ्या घरात तर आता नियमच आहे: दुसरी प्रत झाल्याशिवाय ते बटण कुणी दाबायचं नाही.

तक्रार कशी लिहावी

माझी पहिली तक्रार एका ओळीची होती: "अपडेटनंतर चालत नाही." त्यावर उलट चार प्रश्न आले आणि दोन दिवस वाया गेले. डॉक्टरकडं जाऊन नुसतं "बरं वाटत नाही" म्हटल्यासारखं झालं. आता मी पाच गोष्टी लिहितो. सर्व्हरची आणि ॲपची आवृत्ती. मशीन कुठलं, मेमरी किती. मी काय केलं, क्रमानं. काय व्हायला हवं होतं आणि काय झालं. आणि लॉगमधल्या शेवटच्या ओळी. लॉग चिकटवताना पासवर्ड आणि घरचा पत्ता दिसेल असं काही त्यात नाही ना, ते बघायचं.

इंग्रजी मोडकंतोडकं असलं तरी चालतं, लॉग सगळ्यांना कळतो. दुसऱ्या खेपेला मी असं लिहिलं, तेव्हा डेटाबेस कुठं अडकला ते त्यांना पटकन सापडलं. पुढच्या एका आवृत्तीत अपडेटच्या आधी डेटाबेसची प्रत आपोआप निघायला लागली. माझ्या एकट्यामुळं नाही, तसं रडणारे आम्ही बरेच होतो. पण काकांचं जे गेलं, ते निदान दुसऱ्या कुणाचं जाणार नाही.

तर टाकायचं का?

टाका. फक्त तीन गोष्टी पाळा. फोटोंच्या तीन प्रती, त्यातली एक दुसऱ्या घरात. माझी एक प्रत जुळे सोलापुरात बहिणीकडं डिस्कवर असते, महिन्यातून एकदा जाऊन बदलून आणतो. डेटाबेसची प्रत रोज रात्री, आणि ती खरंच परत उघडते का, हे तीन महिन्यांतून एकदा करून बघायचं. न उघडलेली प्रत म्हणजे प्रत नव्हेच. आणि तिसरं, दुसऱ्याचा डेटा तुमच्या बीटावर घेण्याआधी त्या माणसाला पाटी वाचून दाखवा. माझ्या सुतावर मी काहीही प्रयोग करीन. काकांच्या सुतावर मी त्यांना न विचारता केला, ती माझी खरी चूक.

काका अजूनही माझाच सर्व्हर वापरतात. पण आता फोटोखाली लिहायच्या आधी ते दोनशेपानी वहीत लिहितात, मग मोबाइलवर. मी म्हटलं, "काका, आता रोज बॅकअप होतो, दोनदा कशाला लिहिता?" म्हणाले, "तुझा बॅकअप तुझ्यापाशी, माझा माझ्यापाशी."

पुढच्या भागात बाहेरगावाहून घरच्या सर्व्हरपर्यंत सुरक्षित कसं पोचायचं, ते पाहू. तोवर आजच्या आज एक काम करा. तुमची शेवटची बॅकअप प्रत उघडून बघा. भेटू.