बेने इस्राएल समाजातील सेवाकार्य

हिब्रू भाषेतील ‘त्सेदाका’ या शब्दाचा मराठीत सामान्यतः ‘दानधर्म’ असा अनुवाद केला जातो. तो चुकीचा नव्हे. तथापि मूळ शब्दातील एक महत्त्वाचा अर्थ त्यात हरवतो. ‘त्सेदाका’चे नाते ‘त्सेदेक’, म्हणजे न्याय, या शब्दाशी आहे. गरजूला जे द्यावयाचे ते दात्याचे औदार्य नसून घेणाऱ्याचा हक्क होय, असा त्यामागील भाव. ‘दानधर्म’ म्हणताना मात्र दृष्टी दात्याच्या पुण्याकडे वळते. मराठी हीच ज्यांची मातृभाषा, त्या बेने इस्राएल समाजाच्या सेवाकार्यात हे दोन्ही अर्थ एकमेकांत मिसळलेले आढळतात.

कुलाबा जिल्ह्यात तेल गाळणारा आणि शब्बाथ पाळीत असल्यामुळे ‘शनवार तेली’ म्हणून ओळखला जाणारा हा समाज अठराव्या शतकात मुंबईत येऊ लागला. १७९६ साली सामुएल एझेकिएल दिवेकर यांनी मुंबईतील पहिले सिनेगॉग उभारले. समाज धनिकांचा नव्हता. पलटणीतील शिपाई, कारकून आणि कारागीर यांचाच त्यात भरणा होता. पुढे बगदादहून आलेल्या ससून घराण्याने रुग्णालये, ग्रंथालये व सिनेगॉग बांधून मुंबई-पुण्यात दातृत्वाचा मोठा ठसा उमटविला. परंतु १८३६ साली बगदादी मंडळींनी सामाईक दफनभूमीत आपल्या व बेने इस्राएलांच्या कबरींमध्ये भिंत घालावी, अशी सरकारकडे मागणी केली होती, हेही विसरता येत नाही. ‘आपले’ कोण, हा प्रश्न अशा प्रकारे सेवेच्या प्रश्नाआधीच उभा राहिला होता.

या पार्श्वभूमीवर हाईम सामुएल केहिमकर यांचे कार्य अधिक उठून दिसते. १८७५ साली त्यांच्या पुढाकाराने मुंबईत इस्राएली शाळा निघाली. मुलांना व्यवहाराचे शिक्षण मिळावे आणि हिब्रूही यावी, असा तिचा दुहेरी हेतू होता. शाळेसाठी समाजाबाहेरून, इंग्लंडमधील यहुदी संस्थेकडूनही, साहाय्य मिळविण्यात आले. १८८०च्या सुमारास सुरू झालेली बेने इस्राएल कीर्तने याच काळातील. बायबलातील आख्याने मराठी कीर्तनाच्या चालीत सांगण्याचा हा उपक्रम साहित्याच्या अभ्यासकांना परिचित आहे; समाजशिक्षण म्हणूनही त्याची दखल घ्यावयास हवी.

विसाव्या शतकात स्त्रियांचा सहभाग निर्णायक ठरला. १९१३ साली बेने इस्राएल स्त्री मंडळ स्थापन झाले. ‘मंडळ’ हा शब्दच बोलका आहे : त्या काळातील मराठी सार्वजनिक जीवनाचा साचा येथे सहजपणे स्वीकारला गेला. याच पिढीतील डॉ. जेरुशा झिराड लंडनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेत असताना उदारमतवादी यहुदी विचाराच्या संपर्कात आल्या. १९२५ साली मुंबईत ज्यूइश रिलिजस युनियनची स्थापना करण्यात त्यांचा प्रमुख वाटा होता. उपासनेत स्त्रियांना समान स्थान मिळावे, ही त्या चळवळीची एक मागणी होती. १९२८ ते १९४७ या काळात त्या कामा रुग्णालयाच्या अधीक्षक होत्या. मुंबई शहरातील मातामृत्यूंच्या कारणांची त्यांनी केलेली पाहणी १९४१ साली प्रसिद्ध झाली. प्रसूतीत मरणाऱ्या स्त्रिया कोणत्या धर्माच्या, हा त्या पाहणीचा प्रश्नच नव्हता. १९६६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. सिनेगॉगातील स्त्रीच्या जागेचा आणि प्रसूतिगृहातील स्त्रीच्या जिवाचा विचार एकाच व्यक्तीने केला, याकडे त्यांच्याविषयी लिहिताना फारसे लक्ष दिले जात नाही.

१९४८ नंतर समाजाचा मोठा भाग इस्राएलला गेला. केहिमकरांच्या शाळेला पुढे सर एली कदूरी यांचे नाव देण्यात आले. माझगावातील त्या शाळेत आता शिकणारी बहुसंख्य मुले यहुदी नाहीत.