ऑटोमॅटिक गाडी झटके खाते? गिअरबॉक्स खोलण्याआधी एवढे तपासा

गोंदिया : धानाचे चुकारे हाती आले की जिल्ह्यातल्या गावागावांत सेकंड हँड चारचाकी येते. घरी म्हातारे माणूस असते, रात्री-बेरात्री गोंदियाच्या नाहीतर नागपूरच्या दवाखान्यात न्यावे लागते. त्यात आता ऑटोमॅटिक गाड्याही दिसू लागल्या आहेत. क्लच दाबायची कटकट नाही, म्हणून घरातल्या बायामाणसांनाही चालवायला सोपी पडते. पण वर्ष-सहा महिने झाले की गाडी झटके खाऊ लागते. मिस्त्रीकडे नेली की पहिले वाक्य ऐकू येते, "गिअरबॉक्स गेला." हे वाक्य मालकाला महागात पडते. अनेकदा बिघाड गिअरबॉक्सच्या बाहेर असतो आणि थोडक्या खर्चात निघतो.

आधी गाडी कोणत्या प्रकारची ते ओळखा

मारुतीने फेब्रुवारी २०१४ मध्ये सेलेरिओ गाडी आणली. कमी किमतीच्या गाडीत एएमटी देणारी ती देशातली पहिलीच. पुढे अल्टो के-१०, वॅगन आर, क्विड या गाड्यांतही एएमटी आली. त्यातल्या सुरुवातीच्या गाड्या आता दहा वर्षांच्या वर गेल्या आणि सेकंड हँड बाजारात स्वस्तात मिळतात. गावात दिसणारी जुनी ऑटोमॅटिक बहुतेक याच प्रकारची असते.

एएमटी म्हणजे साधा, नेहमीचाच गिअरबॉक्स. क्लच प्लेटही साधीच. फरक एवढाच की क्लच दाबणे आणि गिअर टाकणे हे काम माणसाच्या हातपायाऐवजी एक यंत्र करते. त्याला ॲक्चुएटर म्हणतात. हे यंत्र काही गाड्यांत तेलाच्या दाबावर चालते, तर काहींत विजेच्या मोटारीवर. त्याला हुकूम देतो तो छोटा कॉम्प्युटर.

ओळखायची खूण सोपी आहे. लिव्हरवर पार्किंगचा 'पी' नसेल, फक्त 'आर', 'एन', 'डी' आणि बहुतेक ठिकाणी 'एम' असेल, तर ती साधारणपणे एएमटी समजावी. 'पी' असेल तर गाडी जुन्या पद्धतीची टॉर्क कन्व्हर्टर, सीव्हीटी किंवा दोन क्लचची असते. त्यांचे तेल आणि दुरुस्ती वेगळी. एएमटीचा उपाय त्यांना लागू पडत नाही.

झटका कधी येतो, ते लिहून ठेवा

मिस्त्रीला नुसते "झटके खाते" सांगून भागत नाही. थंड असताना की गरम झाल्यावर, उठताना की गिअर बदलताना, चढावर की सपाटीवर, हे दोन-चार दिवस पाहावे.

गिअर बदलताना हलका थांबा : एएमटीत हे जन्मापासूनच असते. त्या क्षणी ॲक्सिलेटर किंचित सैल केला की झटका कमी होतो. पूर्वी नव्हता आणि आता जोरात येतो, तर मात्र तपासणी हवी.

उठताना किंवा रिव्हर्स घेताना थरथर : संशय क्लच प्लेटवर घ्यावा. गाडी बरेच दिवस उभी राहिली किंवा खाली पाणी लागले तरी थोडा वेळ थरथर होते आणि नंतर जाते. रोजच होत असेल तर क्लच आणि इंजिनचे माउंटिंग दोन्ही पाहावे. फाटलेले माउंटिंगही तसाच धक्का देते.

इंजिन ओरडते, गाडी वेग धरत नाही : सोबत जळका वास आला तर क्लच घसरतो आहे. घिसलेला क्लच हे गिअरबॉक्स गेल्याचे लक्षण नाही.

एकाच वेगात चालतानाही गचके : यासाठी सोपी परीक्षा आहे. मोकळ्या रस्त्यावर लिव्हर 'एम' मध्ये घेऊन तिसऱ्या गिअरवर गाडी एकसारखी चालवावी. गिअर बदलतच नाही, तरी गचके येतात, तर दोष बहुधा इंजिनकडचा असतो. प्लग, कॉइल, एअर फिल्टर, पेट्रोलचा पुरवठा आधी पाहावा.

गिअर पडत नाही, आपोआप 'एन' दिसते : बॅटरी, ब्रेकचे स्विच, तेलाचा दाब यापैकी काहीही असू शकते. अशी गाडी पुढे रेटू नये. देवरी, सडक अर्जुनीकडच्या राष्ट्रीय महामार्गावर मागून ट्रक येत असताना गाडी मधेच सुटली तर जिवावर बेतेल. बाजूला घेऊन हँडब्रेक ओढावा आणि धोक्याचे दिवे लावावेत.

घरच्या घरी होणाऱ्या तपासण्या

पहिली बॅटरी. ॲक्चुएटर आणि कॉम्प्युटर दोन्ही तिच्यावर चालतात. रात्रभर उभ्या गाडीची चांगली बॅटरी १२.५ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२.२ च्या खाली असेल तर कमजोर समजावी. गाडी चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट यायला हवेत. मीटर कोणत्याही बॅटरीवाल्याकडे असते. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी साफ करावी, अर्थिंगची वायर घट्ट आहे का पाहावे. तीन-चार वर्षे जुनी बॅटरी गोंदियाच्या उन्हाळ्यानंतर दगा देते.

दुसरे ब्रेकचे स्विच. ब्रेक दाबल्याचा संदेश मिळाल्याशिवाय एएमटी गाडी चालू होत नाही आणि 'डी' मध्ये जात नाही. एकाने ब्रेक दाबावा, दुसऱ्याने मागचे दिवे पाहावे. दिवे कधी लागतात, कधी नाही, तर स्विच पाहावे. हे स्वस्तातले सामान आहे.

तिसरे तेल. ॲक्चुएटर तेलाच्या दाबावर चालणारा असेल तर त्याची छोटी टाकी वेगळी असते. त्यात गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेलेच तेल घालावे. ब्रेक ऑइल किंवा दुसरे कुठलेही तेल ओतू नये, आतली सील खराब होतात. अशा अनेक गाड्यांत ड्रायव्हरचा दरवाजा उघडताच 'झुंई' असा आवाज येतो. तो पंपाचा आहे, घाबरायचे कारण नाही. मात्र उभ्या गाडीत पंप वारंवार चालत असेल तर दाब कुठेतरी गळतो आहे.

गॅरेजमध्ये काय विचाराल?

मिस्त्रीकडे एएमटी वाचणारा स्कॅनर आहे का, हे आधी विचारावे. स्कॅनर लावल्यावर जो कोड येईल त्याचा मोबाईलवर फोटो घ्यावा. फोटो घेण्याआधी कोड पुसू देऊ नये, नाहीतर पुरावाच जातो. त्यानंतर क्लच 'लर्निंग' करता येईल का ते विचारावे. प्लेट घिसत जाते तसे क्लच कुठे पकडतो ते ठिकाण बदलते. कॉम्प्युटरला नवे ठिकाण शिकवले की काही गाड्यांचे झटके तेवढ्यावरच थांबतात. नवीन क्लच टाकल्यावर तर हे करावेच लागते.

क्रम असा ठेवावा : बॅटरी, वायर आणि स्विच, तेल, स्कॅनर, लर्निंग, क्लच, ॲक्चुएटर. गिअरबॉक्स सर्वांत शेवटी. जुना पार्ट काढला तर तो परत मागून घ्यावा आणि बिल लेखी घ्यावे.

चालवायच्या सवयी

चढावर किंवा रेल्वे फाटकापाशी ॲक्सिलेटरवर गाडी धरून ठेवली की क्लच जळतो. तिथे ब्रेक किंवा हँडब्रेकच वापरावा. फाटक बंद असेल तर लिव्हर 'एन' वर घ्यावी. एएमटीत 'पी' नसतो, म्हणून उभी करताना हँडब्रेक ओढून, पुस्तिकेप्रमाणे गिअरमध्ये ठेवूनच चावी काढावी. उतारावर चाकाला दगड लावला तर आणखी बरे.

एक गोष्ट गावात विशेष लक्षात ठेवावी. बॅटरी उतरलेली एएमटी गाडी धक्का मारून सुरू होत नाही. चार पोरे बोलावून उपयोग नाही, जंपर केबलच लागते. ती डिक्कीत असू द्यावी. रात्री पेशंट न्यायची वेळ आली तर तीच कामी येईल.

घेण्याआधी

गाडी पाहायला जाल तेव्हा मालकाला आधी गरम करू देऊ नका. थंड इंजिनवर सुरू करा. चढावर थांबवून पुन्हा उचला, रिव्हर्समध्ये हळू घ्या, मग वीस-पंचवीस मिनिटे चालवून सगळे पुन्हा करा. थरथर, जळका वास किंवा मीटरवर गिअरचा दिवा दिसला तर स्कॅन झाल्याशिवाय इसार देऊ नका. स्कॅनचा खर्च क्लचपुढे काहीच नाही, आणि चुकारा वर्षातून एक-दोनदाच येतो.