हरभऱ्याच्या शेंड्यावरचा विषाणू

पुण्याहून साताऱ्याकडे येताना नीरा ओलांडली की शिरवळ लागतं आणि तिथून खंबाटकी घाटाच्या पायथ्यापर्यंत पसरलाय आमचा खंडाळा तालुका. लोणावळ्याजवळचा थंड हवेचा खंडाळा निराळा. इथे महामार्ग आहे, कारखाने आहेत, लोणंदचा कांदा बाजार आहे; पाणी पोचेल तिथे बागायत आणि न पोचेल तिथे ज्वारी-हरभरा. मला विषाणूंचा नाद लागून बरीच वर्षं झाली. त्यापायी पुस्तकं वाचली, व्याख्यानं ऐकली, प्रयोगशाळांच्या पायऱ्या झिजवल्या. तरी माझं ठाम मत आहे, की विषाणूंचं वैविध्य समजून घ्यायला हा एक तालुका आणि त्याचा शेजार पुरतो.

नीरेपलीकडे पुरंदर तालुक्यात बेलसर आहे. महाराष्ट्रातला झिकाचा पहिला रुग्ण जुलै २०२१ मध्ये तिथे सापडला. १९४७ मध्ये युगांडातल्या झिका नावाच्या जंगलात एका माकडाच्या रक्तात प्रथम आढळलेला हा विषाणू, पिंपात साठवलेल्या पाण्यावर वाढणाऱ्या एडिस डासाबरोबर जेजुरीच्या परिसरात येऊन पोचला होता. दक्षिणेला खंबाटकी आणि वाई ओलांडली की महाबळेश्वर. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी मार्च २०२० मध्ये तिथल्या गुहेतल्या वटवाघळांचे नमुने घेतले आणि त्यांतल्या काहींत निपा विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं असल्याचं २०२१ मध्ये जाहीर केलं. अशा बातम्या आल्या की वटवाघळं हाकला, त्यांची झाडं तोडा, अशी भाषा सुरू होते. तिचा मला मनापासून राग येतो. वटवाघळात एखाद्या विषाणूची खूण मिळणं आणि माणसांत साथ येणं यांत फार मोठं अंतर असतं, आणि हुसकावलेली, भेदरलेली वटवाघळं ते अंतर वाढवत तर नाहीतच. फळं खाणारी ही वटवाघळं सह्याद्रीत बिया पेरत हिंडतात, हेही विसरू नये.

थोडी पूर्वपीठिका सांगून टाकतो. विषाणू म्हणजे प्रथिनाच्या वेष्टनातला जनुकांचा तुकडा, डीएनएचा किंवा आरएनएचा. स्वतःच्या बळावर तो वाढत नाही. कुणाच्या तरी पेशीत शिरून तिच्याकडून स्वतःच्या प्रती करून घेतो. १८९२ मध्ये रशियात इव्हानोव्स्कीने आणि १८९८ मध्ये हॉलंडमध्ये बायेरिंकने तंबाखूच्या पानांवरच्या केवड्यासारख्या रोगाचा माग काढताना, जिवाणूंना अडवणाऱ्या गाळणीतूनही पार होणारं काहीतरी पकडलं, तिथून हे शास्त्र सुरू झालं. आज आंतरराष्ट्रीय समितीच्या यादीत विषाणूंच्या १४,०००हून जास्त जाती आहेत, आणि न नोंदवलेल्या त्याच्या कैक पट असणार. माणसाच्या जनुकसंचाचा सुमारे ८ टक्के भाग प्राचीन विषाणूंनी मागे ठेवलेला आहे. त्यांतल्याच एका जनुकापासून बनणारं प्रथिन नसतं, तर आईच्या पोटातली वार नीट घडली नसती. एवढं पुरे.

शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. २०२२च्या पावसाळ्यात गुरांचा लम्पी रोग आला तेव्हा या पट्ट्यात गोठ्यागोठ्यात तेवढाच विषय होता. गुरांचे बाजार बंद झाले, शर्यतींचे खिल्लार बैल घरी बांधून राहिले, गाईंच्या अंगावर लिंबाएवढ्या गाठी आल्या. लम्पीचा विषाणू देवीच्या विषाणूच्या मोठ्या कुळातला. १९२९ मध्ये आजच्या झांबियात तो पहिल्यांदा दिसला, भारतात २०१९ मध्ये ओडिशात. शेळ्यांच्या देवीचा विषाणू त्याच्या इतका जवळचा, की गाईंना शेळ्यांच्या देवीची लस टोचून साथ आवरता आली. लस टोचून घ्यायला लोक रांगेत उभे होते, आणि त्याच रांगेत दूध प्यावं की नाही यावर वाद चाले. लम्पी माणसाला होत नाही. दूध उकळून प्यायला तेव्हाही हरकत नव्हती.

जुनी माणसं लम्पीची तुलना बुळकांडीशी करत. बुळकांडी गावं ओस पाडायची, गोठेच्या गोठे रिकामे करायची. तो विषाणू आज जगातून नाहीसा झाला आहे: देवीचं निर्मूलन १९८० मध्ये जाहीर झालं, बुळकांडीचं २०११ मध्ये. माणसाने मुद्दाम संपवलेले हे दोनच रोग. बुळकांडीचा विषाणू आणि गोवराचा विषाणू जवळचे नातलग. माणूस गुरांच्या सोबतीने राहू लागल्यावर कधीतरी एकाच पूर्वजापासून ते वेगळे झाले. गोवराची लस सहज उपलब्ध असताना तो अजून टिकून आहे आणि गुरांमधला संपला, याचं मला वाईट वाटतं.

शिरवळपासून जवळच नायगाव आहे, सावित्रीबाई फुल्यांचं जन्मगाव. तिथल्या स्मारकात उभं राहिलं की १८९७चा प्लेग आठवतोच. आजारी मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात आणताना सावित्रीबाईंना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. प्लेग विषाणूचा नव्हे, जिवाणूचा रोग. पण माझ्या विषयाशी त्याचा एक धागा आहे. आदल्याच वर्षी, १८९६ मध्ये, आग्र्याला काम करणाऱ्या अर्नेस्ट हॅन्किनने नोंदवलं होतं, की गंगा-यमुनेच्या पाण्यात कॉलऱ्याचे जिवाणू मरतात आणि पाणी उकळलं की तो गुण जातो. त्यामागे काय आहे ते त्याला उमगलं नव्हतं. जिवाणूंना खाणारे विषाणू असतात हे १९१५ मध्ये ट्वॉर्टने आणि १९१७ मध्ये द’हेरेलने दाखवलं. त्याच द’हेरेलने १९२५ मध्ये अलेक्झांड्रियात प्लेगच्या चार रुग्णांना असे जिवाणूभक्षी विषाणू टोचले आणि चौघेही बरे झाले. सावित्रीबाई गेल्यानंतर अवघ्या अठ्ठावीस वर्षांनी. प्रतिजैविकांना न जुमानणारे जिवाणू वाढत असताना ही जुनी वाट पुन्हा तपासली जातेय, याचा मला आनंद आहे.

आता माझ्या लाडक्या विषाणूकडे येतो. त्यासाठी पौष महिन्यात हरभऱ्याच्या रानात जायला हवं.

घाटे भरू लागले की हिरवी-तपकिरी घाटे अळी दिसते. शास्त्रीय नाव हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा. घाट्याला भोक पाडून अर्धं अंग आत घालून ती दाणा खाते. तूर, कापूस, टोमॅटो, सूर्यफूल, काहीच तिला वर्ज्य नाही, आणि नव्वदच्या दशकापासून ती भल्याभल्या कीटकनाशकांना दाद देईनाशी झाली. ही अळी उन्हाच्या वेळी सहसा पानांआड राहते. पण एखाद्या रानात अळी झाडाच्या अगदी शेंड्यावर, मागच्या पायांनी फांदीला धरून डोकं खाली करून लटकलेली सापडते. अंग फिकट, फुगलेलं. बोट लावलं की कातडी फाटते आणि आतून दुधट पाणी सांडतं. लोणंदच्या बाजूचे एक शेतकरी मला ती दाखवत म्हणाले होते, “ही तर आतनंच गळाली की वो. कुनाचा फवारा लागला म्हनायचा?”

त्या रानात फवारा कुणीच मारला नव्हता. काम केलं होतं एका विषाणूने. त्याचं नाव न्यूक्लिअर पॉलिहेड्रोसिस व्हायरस, घाटे अळीपुरता एचएएनपीव्ही. याचे काडीसारखे कण डाळिंबातल्या दाण्यांसारखे प्रथिनाच्या स्फटिकात ठासून भरलेले असतात. तो स्फटिक पानावर पडून राहतो. अळीने पान खाल्लं की तिच्या आतड्यातल्या अल्कधर्मी रसात तो विरघळतो आणि कण मोकळे होतात. आधी आतड्याच्या पेशी, मग चरबी, मग सगळं शरीर; साधारण पाच ते सात दिवसांत अळीचा आतला भाग विषाणूच्या स्फटिकांनी भरलेलं पाणी होतो. आपल्याला त्याची बाधा नाही. मधमाशीला नाही, गाईला नाही, पक्ष्याला नाही.

मरायच्या आधी अळी शेंड्यावर का चढते, हा प्रश्न मला फार दिवस सतावत होता. युरोपातल्या जंगलरक्षकांनी झाडांच्या शेंड्यांवरून लटकलेल्या अळ्या शतकभरापूर्वीच पाहून ठेवल्या होत्या. २०११ मध्ये केली हूवर आणि सहकाऱ्यांनी जिप्सी पतंगाच्या अळ्यांवर काम करून दाखवलं, की विषाणूतला एकच जनुक अळीचं कात टाकण्याचं संप्रेरक निकामी करतो. कात टाकण्यासाठी खाली उतरून स्वस्थ बसण्याऐवजी अळी वरच राहते. घाटे अळीत आणखी वेगळं निघालं. २०२२ मध्ये चिनी संशोधकांनी प्रसिद्ध केलं, की लागण झालेल्या घाटे अळीची दृष्टी विषाणू बदलतो. प्रकाशाची तिची ओढ वाढते आणि ती उजेडाच्या दिशेने वर चढते. दिवा खाली लावला तर ती खालीच राहते. डोळ्यांतल्या प्रकाश ओळखणाऱ्या जनुकांपैकी काही बंद केले तर चढणं कमी होतं. म्हणजे सहाशे कोटी स्फटिकांनी भरलेली अळी शेंड्यावर नेऊन फोडायची, म्हणजे तो रस खालच्या सगळ्या पानांवर ठिबकेल आणि पुढची अळी तो खाईल. मेंदू नाही, पेशीसुद्धा नाही, अशा कणाचं हे काम पाहून मी थक्क होतो, आणि दरवर्षी नव्याने होतो.

सहाशे कोटी हा आकडा मी अंदाजाने दिलेला नाही. एका अळीतून मिळणाऱ्या ६ अब्ज स्फटिकांना एक ‘एल.ई.’ म्हणतात, आणि हेक्टरी शिफारस आहे २५० एल.ई. अडीचशे मेलेल्या अळ्यांत एक हेक्टर रानाचं संरक्षण! हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेने गावोगावी लोकांना हे बनवायला शिकवलं. पद्धत साधी. रानातून जिवंत अळ्या आणायच्या, एकेका डबीत एकेक ठेवायची, कारण या अळ्या एकमेकींना खातात. भिजवलेला हरभरा विषाणूच्या पाण्यात बुडवून त्यांना खायला द्यायचा. मेल्या की पाण्यात कुस्करून फडक्याने गाळायचं. माझं स्पष्ट मत आहे, की प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी असं एक केंद्र असायला हवं. आज कृषी सेवा केंद्रात विचारलं तर बहुधा रासायनिक औषधाची बाटली पुढे येते, कारण तिने अळी संध्याकाळपर्यंत मरते. विषाणूला आठवडा लागतो. आठवडाभर धीर धरायला शिकवणारं कुणीतरी शेतकऱ्याच्या शेजारी असायला हवं.

यात एक अडथळा झाडाकडूनच येतो. पहाटे हरभऱ्यावर फडकं फिरवून आंब धरतात, ती सगळ्यांना ठाऊक आहे. त्या आंबट पानांवर आणखीही काही रसायनं असतात. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं, की हरभऱ्याच्या पानांवरची आयसोफ्लॅव्होनॉइड द्रव्यं या विषाणूला निकामी करतात. त्यामुळे टोमॅटोवर तो जितका चालतो तितका हरभऱ्यावर चालत नाही. आपल्याच शत्रूच्या शत्रूला झाड अडवतं.

त्याच रानात आणखी एक विषाणू दडलेला असतो. कॅम्पोलेटिस नावाची बारीक गांधीलमाशी घाटे अळीच्या अंगात अंडं घालते आणि अंड्याबरोबर एक विषाणूही सोडते. हा विषाणू माशीच्या स्वतःच्या जनुकसंचात वसलेला असतो, तिच्या बीजांडकोशाजवळच तयार होतो, आणि अळीत शिरून तिची प्रतिकारशक्ती मोडतो, म्हणजे माशीचं पिल्लू आत सुखरूप वाढतं. एका विषाणूने अळी आतून वितळते, दुसऱ्याने ती माशीच्या पिल्लाचं अन्न होते, आणि दोन्ही शेतकऱ्याच्या बाजूने.

दिवाळीत पेरलेला हरभरा फुलावर आला, की ओळीच्या एक मीटर लांबीत एक-दोन बारीक अळ्या दिसू लागताच विषाणूची फवारणी करावी. अळी मोठी झाली की तिला विषाणू फारसा बाधत नाही. फवारा उन्हं उतरल्यावर मारावा, कारण उन्हातल्या अतिनील किरणांनी विषाणू लवकर निकामी होतो. त्यासाठीच फवाऱ्याच्या पाण्यात कपड्यांची नीळ मिसळतात. रानात ‘टी’च्या आकाराचे पक्षीथांबे रोवावेत. कोतवाल आणि साळुंक्या त्यांवर बसून अळ्या टिपतात, आणि लागण झालेली अळी खाल्लेल्या पक्ष्याच्या विष्ठेतून जिवंत विषाणू शेजारच्या रानातही जाऊन पडतो.