पॅनलसमोरचं शरीर

सीबीडी बेलापूरच्या सेक्टर 11 मध्ये, सरोवर विहारसमोरच्या इमारतीत महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचं कार्यालय आहे. राज्यसेवेची मुख्य परीक्षा दिलेल्या मुलामुलींचं सगळं लक्ष या पत्त्याकडे लागलेलं असतं. पूर्वी मुख्य परीक्षा 800 गुणांची आणि मुलाखत 100 गुणांची असायची. 2025 पासूनच्या नव्या योजनेत मुख्य परीक्षा 1750 गुणांची आणि मुलाखत 275 गुणांची झाली. म्हणजे एकूण गुणांतला मुलाखतीचा वाटा साधारण 11 टक्क्यांवरून साडेतेरा टक्क्यांवर गेला. एखाद्या गुणानं पद हुकतं अशा स्पर्धेत हा फरक लहान नाही.

आणि याच टप्प्यावर भलीभली अभ्यासू मुलं अडखळतात. राज्यघटना कोळून प्यायलेल्या मुलीला स्वतःच्या तालुक्यातल्या धरणाचं नाव पॅनलसमोर आठवत नाही; बाहेर येऊन जिना उतरताना ते लख्ख आठवतं. ‘धीर कमी पडला’ असं म्हणून घरचे विषय संपवतात. पण त्या खोलीत शरीरात जे घडतं, ते प्रयोगशाळेत मोजलं गेलेलं आहे.

जर्मनीतल्या ट्रियर विद्यापीठातल्या संशोधकांनी 1993 मध्ये माणसावर ठरवून ताण आणण्याची एक चाचणी तयार केली. विजेचा झटका नाही, बर्फाचं पाणी नाही. त्यांनी चक्क नोकरीची मुलाखत उभी केली. तयारीला थोडा वेळ द्यायचा, मग निर्विकार चेहऱ्याच्या पॅनलसमोर 5 मिनिटं ‘या पदासाठी मीच योग्य का’ हे बोलायला लावायचं. त्यानंतर 5 मिनिटं 1022 मधून 13 वजा करत जायचं. चुकलात की पुन्हा 1022 पासून. लाळेचे नमुने तपासले, तेव्हा कॉर्टिसॉल या संप्रेरकाची पातळी मूळच्या दुपटीपासून चौपटीपर्यंत चढलेली दिसली. आजही जगभरातल्या प्रयोगशाळा ताणाच्या अभ्यासासाठी हीच चाचणी वापरतात. चार माणसं आपल्याला जोखताहेत आणि निकाल आपल्या हातात नाही, हे दोन्ही एकत्र आलं की शरीर धोक्याची घंटा वाजवतं. ॲड्रेनलिन काही क्षणांत काम सुरू करतं: छाती धडधडते, तळहात ओले होतात, तोंडाला कोरड पडते. कॉर्टिसॉल सावकाश चढतं आणि आठवणी वर आणण्याच्या कामात अडथळा आणतं. माहिती मेंदूत असते, पण ऐन वेळी हाताशी येत नाही.

यावरचा उपाय अभ्यासाच्या पद्धतीत आहे, आणि मला तो सर्वांत मोलाचा वाटतो. अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठात 2016 मध्ये 120 जणांना शब्द आणि चित्रं लक्षात ठेवायला दिली. निम्म्यांनी ती पुन्हापुन्हा पाहिली. उरलेल्यांनी ती न पाहता आठवून काढण्याचा सराव केला. दुसऱ्या दिवशी दोन्ही गटांतल्या काहींना अशाच पॅनलसमोर उभं केलं. नुसती उजळणी केलेल्यांची स्मरणशक्ती ताणाखाली घसरली. आठवून काढण्याचा सराव केलेल्यांच्या स्मरणाला मात्र धक्का लागला नाही. मुलाखतीच्या आदल्या रात्री नोट्सवर तिसऱ्यांदा हायलायटर फिरवणाऱ्यांनी हा प्रयोग जरूर लक्षात घ्यावा. आपला जिल्हा, पदवीचा विषय, अर्जात लिहिलेला छंद यांवर वही मिटून, मोठ्यानं, पूर्ण वाक्यांत बोलायला हवं. ऐरोलीतल्या किंवा महापेतल्या कंपनीत पहिल्या नोकरीसाठी जाणाऱ्या पोरांनाही हेच लागू आहे. केलेला प्रोजेक्ट वाचून समजतो. सांगता येतो तो सांगूनच.

अभिरूप मुलाखतींचा, म्हणजे मॉकचा, उपयोग इथे आहे. 1995 मध्ये 20 पुरुषांना ती ट्रियरची चाचणी सलग 5 दिवस द्यायला लावली. पहिल्या दिवशी बहुतेकांचं कॉर्टिसॉल चढलं. त्यातल्या 13 जणांच्या शरीरानं दुसऱ्या दिवसापासून फारशी दखल घेतली नाही. म्हणून मॉक शेवटच्या आठवड्यात उरकू नये, आणि घ्यायला अनोळखी माणसं असावीत. मित्रासमोर शरीर घाबरतच नाही, मग सरावायचं कशाला?

दाराबाहेर बसलेलं असताना श्वास हळूहळू, लांबवून सोडावा. उच्छ्वासाच्या वेळी हृदयाची गती उतरते. धडधड दाबत बसण्यापेक्षा ‘मी उत्सुक आहे’ असं स्वतःला सांगणाऱ्यांचं बोलणं अधिक चांगलं झालं, असं ॲलिसन वूड ब्रुक्स यांच्या 2014 च्या प्रयोगांत दिसलं. कंबरेवर हात ठेवून उभं राहिल्यानं संप्रेरकं बदलतात, हा गाजलेला दावा मात्र नंतरच्या मोठ्या प्रयोगात टिकला नाही. त्यावर वेळ घालवू नका.

आता त्या 20 मधल्या उरलेल्या 7 जणांबद्दल. त्यांचं कॉर्टिसॉल पाचही दिवस चढतच राहिलं. अशी मुलं प्रत्येक मुलाखतीत येणार, आणि त्यांची जबाबदारी टेबलाच्या पलीकडे बसलेल्यांवर आहे. 2022 मध्ये पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी निवडपद्धतींवरच्या जुन्या अभ्यासांचं फेरमूल्यमापन केलं. उमेदवार पुढे कामात कसा निघेल, याच्याशी ठरावीक प्रश्नांच्या आणि ठरावीक गुणदानाच्या मुलाखतीचा संबंध 0.42 इतका आढळला. मनाला येईल ते विचारणाऱ्या गप्पावजा मुलाखतीचा जेमतेम 0.19. प्रत्येकाला सारखे प्रश्न विचारून उत्तर संपताच त्या उत्तराचे गुण मांडले, तर कापऱ्या आवाजात दिलेल्या बरोबर उत्तरालाही त्याचे पूर्ण गुण मिळण्याची शक्यता वाढते. आयोगाच्या पॅनलनं आणि कंपन्यांच्या एचआरनं ही शिस्त पाळायला नव्या इमारतीची किंवा जादा पैशांची गरज नाही. प्रश्नांचा आणि गुणांचा तक्ता आदल्या दिवशी तयार हवा.